केमो चालू असलेलं पोर आणि रात्रीचा ताप

आपल्या नंदगडात कुणाच्या पोराला रक्ताचा कॅन्सर झाल्याचं कळलं की लोक नवस बोलतात आणि भेटायला जातात. माझं स्पष्ट मत, भेटायला जाऊ नका, गाडीची सोय करा.

रक्ताचा कॅन्सर म्हणजे पोर गेलंच, असं धरणारी आमची पिढी. आता तसं राहिलेलं नाही. मुलांत जास्त आढळणारा जो ए.एल.एल. प्रकार, त्याचे उपचार दोन-अडीच वर्षं चालतात आणि प्रगत देशांत दहातली नऊ मुलं वाचतात. आपल्याकडे कमी वाचतात, आणि त्याचं एक मोठं कारण आहे उपचार चालू असताना होणारा जंतुसंसर्ग. केमोनं पांढऱ्या पेशीही मरतात. त्यातल्या न्यूट्रोफिल ५०० च्या खाली गेल्या की पोराच्या स्वतःच्या आतड्यातले, तोंडातले जंतूच रक्तात शिरतात. ई. कोलाय, क्लेबसिएला वगैरे. सूज नाही, पू नाही, नुसता ताप. (पू व्हायलासुद्धा पांढऱ्या पेशी लागतात!) आणि मग काही तासांत रक्तदाब घसरू शकतो.

दवाखान्यात पोचल्यावर तासाभरात शिरेतून अँटिबायोटिक सुरू व्हावं, असा डॉक्टरांचा नियम आहे. पण पोचायचं कसं? बेळगाव इथून खानापूरमार्गे पस्तीसेक किलोमीटर. रात्री अकराला १००.४ च्या वर ताप चढला, की घरात कुणीतरी म्हणतंच, "पॅरासिटामॉल देऊया, सकाळच्या पहिल्या बसनं जाऊ." गोळीनं ताप उतरतो, जंतू तसेच. अहो, बँकेत कॅश जुळली नाही तर आम्ही रात्री उशिरापर्यंत बसायचो, सकाळवर टाकत नव्हतो.

मुंबईत टाटा हॉस्पिटलला येणाऱ्या मुलांसाठी सेंट जूड संस्थेनं २००६ पासून कुटुंबासह स्वच्छ राहायची मोफत सोय केली, ती उगाच नव्हे.

आणखी एक. सर्दी-पडशाला मेडिकलमधून आपल्या मनानं अँटिबायोटिक आणून खाणारे आपणच. त्यानं जंतू निर्ढावतात, आणि अशा पोरावर मग भारी इंजेक्शनंही चालत नाहीत.

आता बहुतेकांच्या दारात गाडी आहे. ज्या घरी असं पोर असेल तिथं जाऊन, रात्री कितीही वाजता हाक मारा, किल्ली खुंटीला असते, एवढं सांगून या. दारातूनच.