१६ तास उपाशी आणि भाकरी बंद: वजन कमी करण्याचा हा ‘कॉम्बो’ खानदेशात कितपत चालतो?

सकाळचा चहा बंद. पहिलं जेवण दुपारी एकला, दुसरं रात्री नऊच्या आत. मधे काही नाही. आणि त्या दोन जेवणांतूनही भाकरी, पोळी, भात गायब.

इंटरमिटंट फास्टिंग आणि लो-कार्ब डाएट हे दोन प्रकार आता अनेक जण एकत्रच सुरू करतात. ‘आधी’ आणि ‘नंतर’चे फोटो येतात, खाली शेकडो लोक ‘प्लॅन पाठवा’ म्हणून लिहितात. जळगाव, धुळ्यातही हेच. पण फोटोत एक गोष्ट कधीच दिसत नाही. ती म्हणजे त्या माणसाला शुगरची किंवा बीपीची गोळी चालू आहे का, आणि असेल तर कोणती.

खरा प्रश्न तिथेच आहे. नीट समजून घेऊ.

हे दोन्ही प्रकार नेमके काय आहेत?

इंटरमिटंट फास्टिंग म्हणजे कधी खायचं याचा नियम. सगळ्यात लोकप्रिय प्रकार १६:८ चा. दिवसातले आठ तास खाण्यासाठी, उरलेले १६ तास फक्त पाणी किंवा बिनसाखरेचा, बिनदुधाचा चहा.

लो-कार्ब म्हणजे काय खायचं याचा नियम. धान्य, साखर, बटाटा, गोड फळं यांतून येणारी कर्बोदकं कमी करायची. दिवसाला १३० ग्रॅमपेक्षा कमी कर्बोदकं असतील तर साधारणपणे त्याला लो-कार्ब म्हणतात. २० ते ५० ग्रॅमवर आलात तर तो कीटो.

दोन्ही एकत्र केले की शरीरात इन्सुलिन कमी राहतं आणि साठवलेली चरबी इंधन म्हणून वापरली जाते. निरोगी माणसासाठी यात घाबरण्यासारखं काही नाही. औषधं चालू असलेल्यांसाठी मात्र हेच वाक्य महत्त्वाचं ठरतं. ते पुढे पाहू.

महाराष्ट्राला हे नवीन आहे का?

अजिबात नाही. इथे ‘इंटरमिटंट फास्टिंग’ हा शब्द घरोघरी पोचण्याआधी ‘दीक्षित डाएट’ पोचलं होतं. नागपूरचे दिवंगत नेते डॉ. श्रीकांत जिचकार यांनी व्याख्यानांतून मांडलेली कल्पना डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी पुढे नेली. कडक भूक लागेल तेव्हा दिवसातून दोनदाच जेवायचं, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत संपवायचं, गोड टाळायचं आणि रोज ४५ मिनिटं चालायचं, असा त्याचा गाभा.

२०१८ मध्ये राज्य सरकारने डॉ. दीक्षितांना स्थूलत्वविरोधी मोहिमेचा चेहरा केलं. त्या वेळी वैद्यकीय शिक्षण खातं जळगाव जिल्ह्यातल्या जामनेरचे आमदार गिरीश महाजन यांच्याकडे होतं. दुसरीकडे ऋजुता दिवेकर यांच्यासारख्या आहारतज्ज्ञ थोड्या थोड्या वेळाने खाण्याचा सल्ला देत होत्या. मग घराघरात ‘दोनदा की दर दोन तासांनी’ असा वाद रंगला.

पण दीक्षित डाएटमध्ये भाकरी बंद नव्हती. दोन जेवणांच्या त्या सवयीवर लो-कार्बचा नियम नंतर चढवला गेला, आणि आजचा ‘कॉम्बो’ तयार झाला.

अभ्यास काय सांगतात?

चीनमध्ये याच कॉम्बोवर एक चाचणी झाली, २०२२ मध्ये तिचे निकाल प्रसिद्ध झाले. मेटाबॉलिक सिंड्रोम असलेल्या १६९ जणांचे तीन गट केले. एक फक्त लो-कार्ब, दुसरा फक्त आठ तासांच्या खिडकीत खाणारा, तिसरा दोन्ही करणारा. तीन महिन्यांनी तिन्ही गटांचं वजन घटलं. फक्त लो-कार्बच्या तुलनेत आठ तासवाल्यांचं सुमारे १.६ किलो जास्त, तर दोन्ही करणाऱ्यांचं सुमारे २.८ किलो जास्त. पोटातल्या अवयवांभोवतीची चरबीही या दोन गटांत कमी झाली.

म्हणजे कॉम्बोचा फायदा आहे. पण चमत्कार नाही, आणि हिशोब फक्त तीन महिन्यांचा आहे.

त्याच वर्षी ग्वांगझूच्या एका वर्षभराच्या चाचणीत लठ्ठ असलेल्या १३९ जणांना कमी उष्मांकाचा आहार दिला. अर्ध्यांना तो सकाळी ८ ते दुपारी ४ या वेळेतच खायचा होता. वर्षाअखेर त्यांचं सरासरी ८ किलो वजन उतरलं. वेळेचं बंधन नसलेल्यांचं ६.३ किलो. हा फरक इतका लहान होता की संशोधकांनी तो ठोस मानला नाही. अमेरिकेतल्या २०२० च्या चाचणीत तर लोकांना काय खायचं हे सांगितलंच नाही, फक्त १६:८ पाळायला लावलं. वजनात विशेष फरक पडला नाही.

तिन्ही एकत्र वाचल्या तर अर्थ सरळ आहे. घड्याळ मदत करतं, पण काम मुख्यतः ताट करतं.

रील्समध्ये ‘उपवासाला नोबेल मिळालं’ असंही सांगतात. २०१६ चं नोबेल योशिनोरी ओसुमी यांना पेशी स्वतःचा कचरा कसा साफ करतात यावरच्या कामासाठी मिळालं. ते काम यीस्टच्या पेशींवर होतं. १६ तास उपाशी राहिल्याने माणूस बरा होतो, असं त्यात सिद्ध झालेलं नाही.

पण आपल्याकडे उपवास तर कायमच असतात की!

असतात. एकादशी, श्रावणी सोमवार, नवरात्र. धुळ्याच्या एकवीरा देवीचे नऊ दिवस कडक पाळणारी घरं कमी नाहीत. पण आपला उपवास बहुतेक वेळा लो-कार्बच्या बरोबर उलटा असतो.

१०० ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात ८५ ग्रॅमपेक्षा जास्त कर्बोदकं असतात आणि प्रथिनं जवळपास नसतातच. वर बटाटा, भगर, रताळं, राजगिऱ्याचा लाडू. जळगावची केळी गुणाची, २०१६ मध्ये तिला भौगोलिक मानांकनही मिळालं. पण एका मध्यम केळ्यात २५ ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं असतात. खिचडीची प्लेट आणि दोन केळी मिळून दिवसाचा लो-कार्ब कोटा संपतो.

त्यामुळे ‘आम्हाला उपवासाची सवय आहे’ हे अर्धंच खरं. भूक सहन करायची सवय आहे. साखर कमी ठेवायची नाही.

मग भाकरी सोडावीच लागते का?

इथे थोडा हिशोब करू. मध्यम आकाराच्या एका भाकरीला साधारण ५० ग्रॅम पीठ लागतं. ज्वारीच्या ५० ग्रॅम पिठात ३५ ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं. दोन जेवणांत एकेक भाकरी खाल्ली तर झाले ७० ग्रॅम. दोन वाट्या डाळ, भाजी, दही धरलं तरी आकडा १३० च्या आसपास राहतो. भाकरी न सोडताही लो-कार्बच्या उंबरठ्यावर पोचता येतं.

कळण्याची भाकरी असेल तर आणखी बरं. ज्वारीत अख्खे उडीद दळलेले असल्याने प्रथिनं आणि तंतू वाढतात, पोट जास्त वेळ भरलेलं राहतं. मात्र कर्बोदकं शून्य होत नाहीत. म्हणून ‘कळण्याची आहे, चार खा’ हे चालणार नाही.

सोबतीला वांग्याचं भरीत आहेच. वांग्यात कर्बोदकं फारच कमी, शेंगदाण्यातून प्रथिनं आणि चरबी मिळते. मेथी, अंबाडी, अंडी, पनीर, मासे, चिकन, ताक हे सगळं चालतं.

फसवतं ते दुसरंच. शेवभाजीत पोळी नाही म्हणून ती लो-कार्ब ठरत नाही. शेव बेसनाची असते, त्यात बरीच कर्बोदकं, आणि वर तळणीचं तेल. दाळबट्टी आणि आखाजीचा आमरस-पुरणपोळीचा बेत यांच्याबद्दल तर बोलायलाच नको. ते सणापुरतं ठेवावं.

हा हिशोब आवश्यकही आहे. आयसीएमआर-इंडियाबच्या २०२३ च्या अहवालानुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे. याच अभ्यासाच्या २०२५ च्या निष्कर्षांनुसार भारतीयांच्या रोजच्या उष्मांकापैकी सुमारे ६२ टक्के कर्बोदकांतून येतात. ती कमी करायलाच हवीत. प्रश्न फक्त किती आणि कशी, हा.

खरा धोका कुठे आहे?

ताटात नाही. गोळ्यांच्या पाकिटात आहे.

मधुमेहाच्या औषधाचा डोस ठरतो तो तुम्ही जे रोज खाता ते धरून. जेवण अचानक निम्मं केलं आणि गोळी तीच ठेवली, तर गोळी आपलं काम करतच राहते.

पहिला गट: इन्सुलिन आणि ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड यांसारख्या गोळ्या. यांच्यामुळे उपाशीपोटी साखर धोकादायक पातळीवर घसरू शकते. घाम सुटणं, हात थरथरणं, गरगरणं, बोलण्यात गोंधळ ही लक्षणं. वयस्कर माणूस घरात एकटा असेल, किंवा कोणी महामार्गावर गाडी चालवत असेल, तर हे जिवावर बेतू शकतं.

दुसरा गट कमी लोकांना माहीत आहे: डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन. या गोळ्या जादा साखर लघवीवाटे बाहेर टाकतात. हृदय आणि किडनीसाठी त्या चांगल्या आहेत. मार्च २०२५ मध्ये एम्पाग्लिफ्लोझिनचं पेटंट संपलं आणि साधारण ६० रुपयांची गोळी काही कंपन्यांनी दहा रुपयांच्या आत आणली. ही चांगली बातमी. पण त्यामुळे ही गोळी घेणारे लोकही वाढणार.

अडचण अशी की ही गोळी, दीर्घ उपवास आणि कर्बोदकं बंद, हे तिन्ही एकत्र आले तर रक्तात कीटोन नावाची आम्लं साचू शकतात. याला कीटोअॅसिडोसिस म्हणतात. अमेरिकेच्या औषध नियामकाने २०१५ मध्येच या गोळ्यांबद्दल तसा इशारा दिला होता. यातली फसवी गोष्ट म्हणजे ग्लुकोमीटरवर साखर जवळपास ठीक दिसू शकते. मळमळ, उलट्या, पोटदुखी, धाप, प्रचंड थकवा जाणवतो आणि घरचे म्हणतात, ‘पित्त झालं असेल’. ही गोळी चालू असताना अशी लक्षणं दिसली तर लगेच दवाखाना गाठायचा आणि गोळीचं नाव डॉक्टरांना सांगायचं.

फक्त मेटफॉर्मिन घेणाऱ्यांना साखर घसरण्याचा धोका बराच कमी असतो. बीपीची गोळी घेणाऱ्यांनी मात्र लक्ष द्यावं. कर्बोदकं कमी केली की पहिल्या आठवड्यात शरीरातलं पाणी आणि मीठ बाहेर पडतं, बीपी उतरतो. उठताना डोळ्यांपुढे अंधारी येणं ही त्याची खूण.

याचं उत्तर आपल्याच गावात आहे

रमजानचा रोजा हा दीर्घ उपवासच. त्यात तर दिवसभर पाणीही नसतं. मधुमेह असलेल्यांनी रोजे कसे ठेवावेत, यासाठी आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं तयार आहेत. रमजानच्या सहा ते आठ आठवडे आधी डॉक्टरांना भेटायचं, डोस आणि वेळा बदलून घ्यायच्या, मधे साखर तपासायची. साखर ७० च्या खाली किंवा ३०० च्या वर गेली तर रोजा सोडायचा.

हीच पद्धत १६:८ ला का लावू नये? एक महिन्याच्या उपवासासाठी जी तयारी, ती वर्षभराच्या उपवासासाठी नको का?

ऊन आणि कष्ट विसरू नका

मे महिन्यात जळगाव, भुसावळचा पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. साठवलेल्या प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनसोबत शरीर सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतं. लो-कार्बमध्ये ते पहिल्यांदा निघून जातं. ‘आठवड्यात तीन किलो उतरले’ यातला बराच भाग हे पाणीच. त्यात घाम, त्यात दुपारपर्यंत पोटात काही नाही. रावेर-यावलच्या केळीबागेत घड वाहणाऱ्या किंवा कापूस वेचणाऱ्या माणसाला दुकानात, ऑफिसात बसणाऱ्याचा प्लॅन जसाच्या तसा लागू होत नाही. त्याने न्याहारी सोडण्यापेक्षा रात्रीचं जेवण लवकर आणि हलकं करणं जास्त शहाणपणाचं. सुरुवात करायचीच असेल तर उन्हाळा टाळलेला बरा. पाणी, आणि बीपीचा त्रास नसेल तर चिमूटभर मीठ घातलेलं ताक, यात कंजूषी नको.

मग करायचं की नाही?

गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या महिला, १८ वर्षांखालची मुलं, टाइप १ मधुमेह असलेले, किडनीचा आजार असलेले आणि आधीच वजन कमी असलेले यांनी हा प्रयोग स्वतःहून करू नये.

बाकी निरोगी माणसाने करायला हरकत नाही. पण दोन्ही एकाच दिवशी सुरू करू नका. आधी दोन-तीन आठवडे रात्रीचं जेवण लवकर आणि मधलं खाणं बंद. अंगवळणी पडलं की मग साखर, मैदा, भात कमी आणि भाकरी एकेक.

गोळ्या चालू असतील तर क्रम उलटा. आधी डॉक्टर, मग प्लॅन. स्वतःच गोळी बंद करणंही तितकंच चुकीचं. खर्चाची चिंता असेल तर ३० वर्षांवरच्या सगळ्यांसाठी बीपी आणि शुगरची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात मोफत होते. जाताना फक्त एवढं करा: पाकिटं सोबत न्या आणि सांगा की ‘मी दिवसात इतके तास काही खाणार नाही आणि भाकरी इतकी कमी करणार आहे’. डोस ठरवायला डॉक्टरांना हीच माहिती लागते.