आईचे नऊ चेंडू

जानेवारी आला की आमच्या घरी नुमाईशचा विषय निघतोच. १९३८ साली उस्मानियाच्या पदवीधरांनी हैदराबादच्या बाग-ए-आममध्ये शंभरेक दुकानांनिशी हे प्रदर्शन सुरू केले. १९४६ पासून ते नामपल्लीच्या मैदानावर भरू लागले. आम्ही लहान असताना नाना आम्हाला तिथे न्यायचे. एका गाळ्यात साबण, कंगवे, काचेचे ग्लास मांडलेले असत. लांबून रिंग फेकायची, ज्यात पडेल ती वस्तू आपली. आई तिथे हमखास रेंगाळायची. नाना म्हणायचे, "चला, हा जुगार आहे." आई मुकाट्याने पिशव्या उचलायची.

नाना जाऊन आता सहा वर्षे झाली. यंदा भावाकडे हैदराबादला गेलो, तेव्हा भाची आम्हाला एका मॉलमधल्या गेम झोनमध्ये घेऊन गेली. काय तो गोंगाट! त्यात एक खेळ मला बरा वाटला. लांबट पट्टीवरून चेंडू घरंगळत सोडायचा. टोकाच्या उंचवट्यावरून तो उसळतो आणि पुढच्या गोल भोकांत पडतो. भोक लहान, तर गुण जास्त. गुणांप्रमाणे तिकिटे निघतात आणि तिकिटांवर बक्षीस मिळते.

"आत्या, हा नवीन गेम आहे," भाची म्हणाली. नवीन कसला! अमेरिकेत न्यू जर्सीच्या जोसेफ सिम्पसनने १९०८ साली याचे पेटंट घेतले. नाव स्की-बॉल. तेव्हा पट्टी तीस फुटांहून लांब होती. एवढ्या लांब चेंडू रेटायला दंडात जोर हवा, म्हणून बायका-मुले नुसती बघत उभी राहत. १९२८च्या सुमारास पट्टी चौदा फुटांवर आणली आणि मग सगळे घर खेळू लागले. १९३२ साली अटलांटिक सिटीत स्पर्धाही झाली.

मग हा जुगार की खेळ? याचे उत्तर शोधायला अमेरिकेत जायला नको. सिकंदराबादच्या एका क्लबातल्या रमीवरून खटला झाला होता, तोही निजामाच्या काळच्या जुगार कायद्याखाली. १९६७च्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की रमीत पाने लक्षात ठेवावी लागतात, कोणते ठेवायचे, कोणते टाकायचे हे ठरवावे लागते. म्हणून ती मुख्यतः कौशल्याची. तीन पत्तीसारखी निव्वळ नशिबाची नव्हे. नाना असते तर हा निकाल मी त्यांच्यापुढे ठेवला असता. अर्थात त्या गाळ्यातली रिंग साबणाहून जेमतेम मोठी असायची, तेव्हा त्यांचेही अगदीच चुकत नव्हते. आणि मॉलमध्ये तरी काय, दीडशे रुपये घालवून भाचीला मिळाला एक खोडरबर. तिचे तोंड एवढेसे झाले.

तेवढ्यात आई म्हणाली, "मला बघू दे गं."

एका डावात नऊ चेंडू. पहिले तीन वायाच गेले. मग तिने पदर खोचला, वाकली आणि चेंडू हळू सोडायला लागली. आठवा चेंडू पन्नासात पडला. भाची ओरडली, शेजारची पोरेही बघू लागली. तिकिटे बाहेर येत राहिली. आई ती घडी घालून मोजत होती.

काउंटरवरच्या मुलाने विचारले, "आजी, टेडी घेता की पेन?"

आईने काचेतला गुलाबी कंगवा दाखवला. घरी तिचे दोन कंगवे आहेत. तरी गाव येईपर्यंत हा तिने पिशवीत टाकला नाही.