तपासणीला मे महिन्यात या, साहेब!

आमच्या शिवारातल्या नाला खोलीकरणाचं मूल्यमापन करायला त्रयस्थ सल्लागार आले. कधी? ऑक्टोबरात! तेव्हा खेकड्याच्या बिळातसुद्धा पाणी असतंय. बंधाऱ्यावर चार फोटो काढले, चहा घेतला, गेले. एकाही विहिरीत दोरी सोडली नाही. अहवालात काम 'समाधानकारक'. माझी विहीर मार्चलाच तळाला गेली.

त्यांना नेमलं कोणी, पैसे दिले कोणी? ज्यांनी काम केलं त्यांनीच! मग त्रयस्थ कसले?

२०१४ ला जलयुक्त शिवार आलं. २०१९ पर्यंत दुष्काळमुक्ती होणार होती. २०२० ला कॅगनं सांगितलं, भूजल पातळीवर फारसा परिणाम नाही. हेच दरवर्षी नीट मोजलं असतं तर चुका तेव्हाच सुधारता आल्या असत्या.

भूजल विभाग निरीक्षण विहिरी जानेवारी, मार्च, मे, ऑक्टोबर अशा चारदा मोजतो. सल्लागारानंही कामाआधी आणि कामानंतर त्याच विहिरी ऑक्टोबरात अन् मेमध्ये मोजाव्यात. शेजारी पावसाचा आकडा लिहावा. काम न झालेल्या गावाच्या विहिरीही बघाव्यात. चांगल्या पावसात त्यापण भरतात.

नेमणूक ग्रामसभेला विचारून करा. अहवाल तिथं वाचल्याशिवाय बिल काढू नका. येत्या ग्रामसभेत मी हा ठराव मांडणार. तुम्हीपण मांडा.