पॉइंट म्हणजे कोठीतले धान नव्हे

बपेऱ्याच्या एका बहिणीने विचारले आहे, "मुलगा आमच्या उमऱ्याच्या तिकिटांसाठी क्रेडिट कार्डाचे पॉइंट साठवतो आहे. भरवसा ठेवावा का?"

ताई, कोठीतले धान आपले असते. पॉइंटचे माप बँकेच्या हाती. ॲक्सिस बँकेच्या मॅग्नस कार्डाचे ५ पॉइंट विमान कंपनीकडे वळवले की ४ माइल्स मिळत. १ सप्टेंबर २०२३ पासून, बरगंडी खाते नसलेल्यांना, २च मिळू लागले. १०,००० पॉइंटचे ८,००० माइल्स होत, ते ४,०००वर आले. विमान कंपनीही तिकिटाचे माइल्स वाढवू शकते.

वळवलेले पॉइंट सहसा परत येत नाहीत. म्हणून तारीख ठरली आणि जागा दिसली, तरच वळवा. बिल मुदतीत पूर्ण भरा. व्याज लागता कामा नये. उमऱ्याची बचत मात्र रोखीतच करा. पॉइंट मिळाले, तर तेवढा खर्च हलका.