भविष्यवादी की संदेष्टा?

जुन्या मराठी पवित्र शास्त्रात यशया, यिर्मया, आमोस यांस ‘भविष्यवादी’ म्हटलेले आढळते. आज मंडळीत वाचल्या जाणाऱ्या आवृत्तीत त्याच पुरुषांस ‘संदेष्टे’ असे नाव आहे. पालट एका शब्दाचाच; परंतु तो मोठ्या मोलाचा आहे, असे आम्हांस वाटते. ‘भविष्य’ हा शब्द उच्चारताच मराठी मनापुढे पत्रिका, पंचांग आणि पहाटेचा पिंगळा उभा राहतो. शास्त्रातील मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ दुसऱ्याच्या वतीने बोलणारा, असा आहे. निर्गमात अहरोनास मोशेचा संदेष्टा म्हटले आहे. अहरोनाने मोशेचे भविष्य वर्तविले काय? मुळीच नाही, तो मोशेचे मुख झाला, इतकेच.

शब्द सुधारला; समजूत मात्र जुनीच राहिली आहे. चेंबूर, घाटकोपर, मुलुंड या बाजूंस घरोघरी भरणाऱ्या प्रार्थनासभांत आज संदेशाच्या दानाची फार चर्चा ऐकू येते. पण विचारले जाते काय? मुलगा परीक्षेत उतरेल काय, परदेशचा व्हिसा मिळेल काय, अमुक स्थळ प्रभूच्या इच्छेचे आहे काय! आणि कोणी बंधू डोळे मिटून उत्तर देतो, “प्रभूने मला दाखविले आहे.” अशा उत्तरावर विसंबून कोणी ठरलेला विवाह मोडतो, कोणी चालू औषध बंद करतो. येथे हा विषय केवळ पांडित्याचा राहत नाही.

संदेष्टे पुढील गोष्ट कधी सांगतच नसत, असे आमचे म्हणणे नव्हे. प्रेषितांच्या कृत्यांत अगबाने दुष्काळ येणार असे सांगितले, व क्लौद्याच्या कारकीर्दीत तो आला. परंतु अंत्युखियाच्या शिष्यांनी ते ऐकून केले काय? आपापल्या ऐपतीप्रमाणे वर्गणी जमवून यहूदीयातील बांधवांस पाठविली. पुढे याच अगबाने पौलाच्या कमरपट्ट्याने आपले हातपाय बांधून यरुशलेमेत पौलावर येणारे बंधन दाखविले. मंडळी रडली, तरी पौल गेलाच. संदेशाने त्याचा निर्णय त्याच्या हातून काढून घेतला नाही. ही गोष्ट आमच्या तरुण वाचकांनी नीट ध्यानात ठेवावी.

आपल्या महाराष्ट्रात या दानाचा विचार करताना केडगावच्या मुक्तिसदनाकडे दृष्टी वळल्यावाचून राहत नाही. १९०५ च्या आरंभी पंडिता रमाबाईंनी आत्म्याच्या वर्षावासाठी प्रार्थना करणाऱ्या मुलींस पुढे बोलाविले. प्रथम सुमारे सत्तर जणी आल्या. ती संख्या पुढे साडेपाचशेपर्यंत गेली. जूनअखेर तेथे जे जागरण झाले, त्याची वार्ता देशोदेशी पसरली. रडणे, पापांगीकार, पुढे अन्य भाषांत बोलणे, हे सर्व तेथे घडले. आणि अद्यापि त्याविषयी लिहिणारे बहुधा तेवढेच लिहितात. आम्हांस मात्र दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. या मुली कोण होत्या? दुष्काळात उपाशी फिरणाऱ्या, बालवैधव्याने टाकून दिलेल्या, ज्यांचे म्हणणे गावात कोणी विचारले नसते अशा. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाईंनी मध्यप्रांतातून सुमारे तीनशे जणींस आणिले होते. अशा मुली जागरणानंतर टोळ्या करून खेड्यापाड्यांत सुवार्ता सांगू लागल्या. योएलाने पुत्रांबरोबर कन्यांचेही नाव घेतले होते, याचे स्मरण येथे व्हावे. अन्य भाषा हेच आत्म्याचे एकमेव चिन्ह, असे मात्र बाईंनी मानिले नाही.

आणि खुद्द बाईंचे काय? जागरणाच्या आठ वर्षे आधी, १८९७ साली, पुण्यात प्लेगचा कहर असता इस्पितळात स्त्रियांची जी दुर्दशा होत होती, तिच्याविषयी त्यांनी ‘बॉम्बे गार्डियन’ पत्रात निर्भीडपणे लिहिले. सरकार रुष्ट झाले. प्रश्न विलायतेच्या पार्लमेंटपर्यंत गेला. आमच्या मते संदेशाचे दान त्या पत्रात जितके स्पष्ट दिसते, तितके क्वचितच कोठे दिसेल. दावीद राजासमोर नाथान याहून निराळे काय करीत होता?

आता आपल्या शेजारच्या माहुलाकडे पाहू. एकेकाळी कोळ्यांचे असलेले हे खाडीकाठचे गाव आज तेलशुद्धीकरणाच्या कारखान्यांनी व रसायनांच्या टाक्यांनी वेढले आहे. गावकऱ्यांनी दाद मागितल्यावर २०१५ च्या डिसेंबरात राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने येथील हवेपासून आरोग्यास धोका असल्याचे म्हटले. तरीही २०१७ पासून तानसा जलवाहिनीलगतच्या झोपड्यांतील कुटुंबे याच माहुलात आणून ठेवण्यात आली. त्यांनी आंदोलन केले, न्यायालयात गेली. २०१९ च्या सप्टेंबरात मुंबई उच्च न्यायालयाने माहुलास जाण्याची सक्ती नको म्हणून दरमहा १५,००० रुपये भाडे देण्याचा हुकूम केला. त्या अर्जदारांस आम्ही संदेष्टे म्हणत नाही. त्यांनी तसे म्हणवूनही घेतले नाही. परंतु गरिबास पायतणाच्या किमतीस विकणाऱ्यांवर आमोस गर्जला, तो तकोवाचा मेंढपाळ होता, कोणा संदेष्ट्याचा पुत्र नव्हता. ज्या सभांत व्हिशाविषयी संदेश मिळतात, तेथे माहुलच्या हवेविषयी एखादा संदेश कधी का मिळत नाही, हे सभाचालकांस कोणी तरी विचारावयास हवे.

कित्येक विद्वान बंधू म्हणतात की, हे दान प्रेषितांबरोबरच संपले. त्यांच्या सावधगिरीचा आम्हांस आदर आहे. पण पौल थेस्सलनीकाकरांस संदेशांचा धिक्कार करू नका असे सांगतो, आणि त्याच दमात सर्वांची पारख करा असेही सांगतो. करिंथकरांस त्याने मर्यादाही घालून दिली: दोघांनी वा तिघांनी बोलावे, इतरांनी निर्णय करावा; आणि जे बोलणे, ते उन्नती, उत्तेजन व सांत्वन यांसाठी असावे. आमच्या सभांत बोलणारे पुष्कळ उरले आहेत. निर्णय करणारे उठून गेले आहेत. यास्तव आमची सूचना अशी की, दुसऱ्याच्या विवाहाविषयी, औषधाविषयी वा शिक्षणाविषयी ज्यास प्रभूने काही सांगितले असे वाटेल, त्याने ते त्या मनुष्याच्या कानात न सांगता प्रथम पाळक व वडील मंडळी यांच्यासमोर उभे राहून सांगावे, आणि त्यांचे प्रश्न ऐकून घ्यावे.