घरातल्या ‘डॉल्बी’चा हिशेब

कळमनुरी (जि. हिंगोली) : गणेश विसर्जनाच्या किंवा वरातीच्या वाहनावर रचलेल्या स्पीकरच्या भिंतीला मराठवाड्यात ‘डॉल्बी’ म्हणतात. कळमनुरीही त्याला अपवाद नाही. हा शब्द ज्याच्या आडनावावरून आला, त्या रे डॉल्बी या अमेरिकी अभियंत्याने १९६५ मध्ये लंडनमध्ये आपली कंपनी काढली ती मात्र गोंगाट कमी करण्यासाठी. ध्वनिमुद्रणाच्या टेपवर उमटणारी खरखर दाबणारे तंत्र हे त्या कंपनीचे पहिले काम. पुढे चित्रपटगृहातील बहुचॅनेल ध्वनीमुळे हे नाव घरोघरी पोहोचले आणि महाराष्ट्रात ते थेट मिरवणुकीच्या कर्कशपणाला चिकटले. ‘डॉल्बीमुक्त गणेशोत्सवा’ची आवाहने दरवर्षी केली जातात, त्यातील डॉल्बीचा खऱ्या डॉल्बीशी नावापुरताच संबंध उरलेला आहे.

हा केवळ शब्दाचा गोंधळ असता तर सोडून देता आला असता. परंतु जितके डबे अधिक तितका आवाज चांगला, ही मिरवणुकीतील समजूत आता दिवाणखान्यातही शिरली आहे. नवे घर बांधताना दूरचित्रवाणी संचाच्या भिंतीबरोबरच ‘होम थिएटर’चा विचार होतो, तो आता मोठ्या शहरांपुरता राहिलेला नाही. खर्चाचा आकडा काही हजारांवरून काही लाखांवर सहज जातो. अशा वेळी दोन स्पीकरचा उत्तम संच घ्यावा की पाच, सात किंवा त्याहून अधिक स्पीकरचा, हा प्रश्न हौसेचा न राहता घराच्या अंदाजपत्रकाचा होतो. त्याचे उत्तर मात्र बहुधा दुकानातील सर्वांत मोठ्या आवाजावरून ठरवले जाते.

दोन हा आकडा आला कोठून?

माणसाला कान दोन, म्हणून स्पीकरही दोन, असे सर्रास सांगितले जाते. इतिहास थोडा वेगळा आहे. इंग्लंडमधील अभियंता ॲलन ब्लमलाइन याने १९३१ मध्ये दोन चॅनेलच्या ध्वनिमुद्रणाच्या पेटंटसाठी अर्ज केला. एकाच खाचेच्या दोन बाजूंवर दोन स्वतंत्र ध्वनी कोरण्याची कल्पना त्यात होती. दोनच वर्षांनी, २७ एप्रिल १९३३ रोजी, अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेने फिलाडेल्फियात चाललेले वाद्यवृंदाचे वादन तारेवरून वॉशिंग्टनच्या सभागृहात ऐकवले. तेथे चॅनेल तीन होते: डावा, उजवा आणि मधला. मोठ्या सभागृहात कोठेही बसलेल्या श्रोत्याला आवाज आपापल्या जागेवरून यावा, यासाठी तीन चॅनेल त्यांना आवश्यक वाटले.

पुढे १९५७-५८ मध्ये स्टिरिओ तबकडी बाजारात आली, तेव्हा खाचेच्या बाजू दोन असल्याने चॅनेलही दोनच राहिले. म्हणजे घरातील दोन स्पीकरची परंपरा काही अंशी कानांची आणि काही अंशी तबकडीच्या खाचेची देणगी आहे. दोन चॅनेलकडे निसर्गनियम म्हणून पाहणाऱ्या शौकिनांनी हे लक्षात घ्यायला हवे.

तरीही ही तडजोड इतकी यशस्वी का ठरली? दोन्ही स्पीकर आणि श्रोता यांचा समभुज त्रिकोण साधला, की दोन्हींकडून सारखाच येणारा स्वर मधोमध, जेथे काहीही ठेवलेले नाही तेथून आल्याचा भास होतो. गायक समोर, तबला एका हाताला, संवादिनी दुसऱ्या हाताला आणि मागे तंबोऱ्यांची आस, हे चित्र दोनच डब्यांतून उभे राहते. बैठकीत श्रोता गायकाच्या समोर बसतो, नाटकातही सारे समोर घडते. हिंदुस्थानी संगीत, नाट्यपद आणि भावगीत यांच्या स्वभावाला दोन चॅनेलची ही समोरची मांडणी जुळते.

बहुचॅनेलची बाजू

मात्र या भासाला मर्यादा आहेत. समभुज त्रिकोणाचे टोक एकच असते, त्यामुळे योग्य जागाही एकच. एका बाजूला सरकून बसलेल्याला गायक जवळच्या स्पीकरमध्ये गेल्यासारखा वाटतो. शिवाय मधल्या आभासी स्वरात एक दोष अंगभूतच आहे. डाव्या स्पीकरचा आवाज डाव्या कानावर आधी आणि उजव्या कानावर सुमारे पाव मिलिसेकंद उशिरा पोहोचतो. उजव्याचे याच्या उलट. प्रत्येक कानावर एकच स्वर दोनदा पोहोचल्याने साधारण दोन हजार हर्ट्झच्या आसपास तो अंशतः स्वतःलाच खोडतो. मानवी आवाजातील शब्दांची स्पष्टता याच भागात असते. मध्यभागी खराखुरा स्पीकर ठेवला, की हा दोष उरत नाही. ध्वनिशास्त्रज्ञ फ्लॉइड टूल यांनी आपल्या लेखनात हा मुद्दा सविस्तर मांडला आहे.

चित्रपटगृहांनी ही गरज फार पूर्वी ओळखली. १९७५ मध्ये प्रदर्शित झालेल्या ‘शोले’च्या ७० मि.मी. प्रतीला सहा ट्रॅकचा ध्वनी होता. पडद्यावर नाणे उडवले गेले, की ते आपल्याच खुर्चीखाली पडले असे वाटून प्रेक्षक खाली वाकून पाहत, अशी मुंबईच्या मिनर्व्हा चित्रपटगृहातील आठवण आजही सांगितली जाते. १९९४ मध्ये ‘१९४२ : अ लव्ह स्टोरी’ने हिंदी चित्रपटात डॉल्बी स्टिरिओ आणला. डीव्हीडीबरोबर ‘५.१’ ही संज्ञा घरात आली. समोर तीन आणि बाजूला-मागे दोन असे पाच स्पीकर, शिवाय केवळ खर्जासाठी एक सबवूफर. २०१२ मध्ये चित्रपटगृहांत आणि २०१४ पासून घरांत आलेल्या ‘डॉल्बी ॲटमॉस’ने छतातूनही आवाज आणला. त्यात ध्वनी ठराविक स्पीकरला न नेमता खोलीतील एका बिंदूशी नेमता येतो आणि घरातील यंत्र उपलब्ध स्पीकरांतून तो बिंदू साधते.

दिवाणखान्यात एकटा शौकीन बसत नाही. आजोबा खुर्चीवर, मुले सतरंजीवर आणि बाकीचे सोफ्यावर अशी घरची बैठक असते. पात्रांचे संवाद सर्वांना पडद्यावरूनच आल्यासारखे वाटायचे, तर मधला स्पीकर ही चैन राहत नाही. चित्रपट आणि क्रिकेट सामन्यांसाठी बहुचॅनेलचे पारडे जड आहे, हे निर्विवाद मान्य करावे लागेल.

वेढून टाकणारे संगीत मराठी मुलखाला अपरिचित आहे, असेही नाही. संत नामदेवांचे नरसी याच हिंगोली जिल्ह्यात आहे. वारकरी भजनात टाळकरी समोरासमोर, मागे-पुढे उभे असतात आणि मधोमध उभा राहणारा चहूबाजूंनी नादात असतो. हे भजन त्याच पद्धतीने ध्वनिमुद्रित झाले, तर बहुचॅनेल संचावर ते आजवर ऐकू न आलेल्या रूपात घरी ऐकता येईल. मात्र, तसे ध्वनिमुद्रण आधी व्हायला हवे.

खोली आणि पैसा

खरी अडचण खोलीपासून सुरू होते. तालुक्याच्या गावातील स्लॅबच्या घरात गिलावा केलेल्या भिंती, गुळगुळीत फरशी आणि वर काँक्रीट असते. आवाज शोषणारे फारसे काही नसते. समजा, खोली १२ फूट लांब, १० फूट रुंद आणि १० फूट उंच आहे. अशा खोलीत लांबीमुळे सुमारे ४७ हर्ट्झचा, तर रुंदी आणि उंची समान असल्याने दोन्हींमुळे सुमारे ५७ हर्ट्झचा खर्ज साचतो. सबवूफर कितीही महाग असला तरी तेवढा भाग फुगलेलाच ऐकू येणार. अशा खोलीत सोफा मागच्या भिंतीला टेकलेला असतो, त्यामुळे मागच्या स्पीकरला मागे जागाच उरत नाही. तो श्रोत्याच्या कानाशी येतो आणि अवघ्या खोलीचा समतोल बिघडवतो. जाड पडदे, सतरंजी, पुस्तकांचे कपाट आणि सोफा भिंतीपासून दीड-दोन फूट पुढे घेणे, या कमी खर्चाच्या उपायांनी पडणारा फरक अनेकदा आणखी दोन स्पीकरने पडत नाही.

दुसरी अडचण साध्या भागाकाराची. तीन लाख रुपयांतून दोन स्पीकर आणि एक ॲम्प्लिफायर घेतला, तर रक्कम तीन वस्तूंत वाटली जाते. त्याच रकमेत ५.१ संच घेतला, तर पाच स्पीकर, एक सबवूफर आणि अनेक ॲम्प्लिफायर सामावणारा रिसीव्हर अशा सात वस्तूंत ती विभागते. स्पीकरची संख्या वाढते, पण प्रत्येकाच्या वाट्याला येणारा दर्जा घटतो. रिसीव्हरच्या खोक्यावरील वॅटचा आकडाही नीट वाचावा लागतो. तो बहुधा एक किंवा दोनच चॅनेल चालू ठेवून मोजलेला असतो. सर्व चॅनेल एकाच वेळी चालले, की प्रत्येकाला मिळणारी शक्ती कमी होते. एकेकाळी टेपरेकॉर्डरवर छापल्या जाणाऱ्या ‘पीएमपीओ’च्या हजारो वॅटची आठवण ज्यांना आहे, त्यांना हे नवे वाटणार नाही.

तिसरा मुद्दा टिकाऊपणाचा. चांगला दोन चॅनेलचा ॲम्प्लिफायर दशकानुदशके चालतो, कारण त्याचे काम बदललेले नाही. रिसीव्हरमध्ये मात्र संगणकच असतो. जोडणीचे आणि ध्वनिसंकेतांचे मानक बदलले, की तो चालू स्थितीतही मागे पडतो. अस्थिर वीजदाब आणि सदोष अर्थिंग असलेल्या घरात अशी नाजूक यंत्रणा लवकर कुरकुरू लागते. दुरुस्तीसाठी कळमनुरीहून ती नांदेडला किंवा त्याहूनही दूर न्यावी लागत असेल, तर खरेदीच्या किमतीत तोही खर्च धरायला हवा.

ऐकायचे काय?

या सर्वांपेक्षा महत्त्वाचा प्रश्न क्वचितच विचारला जातो : घरात ऐकले जाणार काय? १ एप्रिल १९५५ रोजी पुणे आकाशवाणीवरून ‘गीतरामायण’ सुरू झाले. ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके यांची ती ५६ गीते श्रोत्यांनी रेडिओच्या एकाच स्पीकरमधून ऐकली. बालगंधर्व आणि अब्दुल करीम खाँ यांच्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्याही एकाच चॅनेलच्या. त्यानंतरची मराठी भावगीते, अभंग आणि रागसंगीताच्या ध्वनिमुद्रिका बव्हंशी एक किंवा दोन चॅनेलच्या आहेत. ज्या घरात प्रामुख्याने हे ऐकले जाते, तेथे मागच्या आणि छतावरच्या स्पीकरना मुळात कामच नाही.

यंत्र ते काम निर्माण करते, हीच खरी चिंतेची बाब. रिसीव्हरमधील ‘हॉल’, ‘स्टेडियम’ यांसारखी बटणे जुन्या गाण्याला कृत्रिम घुमारा देऊन सर्व स्पीकरांतून पसरवतात. आता त्यापुढचे पाऊलही पडले आहे. एकत्र मुद्रित झालेले आवाज संगणकाच्या मदतीने वेगळे काढता येतात. बीटल्सचे २०२३ मधील ‘नाऊ अँड देन’ हे गीत याच तंत्राने पूर्ण झाले. त्या गीताला हयात सहकाऱ्यांचे हात लागले होते. उद्या जुन्या मराठी गीतांच्या ‘ॲटमॉस आवृत्त्या’ निघाल्या, तर कोणते वाद्य कोठे बसवायचे, गायकाच्या आवाजाभोवती किती पोकळी ठेवायची, हे कोण ठरवणार? मूळ संगीतकार हयात नसताना घेतलेला असा निर्णय जीर्णोद्धार की फेरबांधणी, याची नोंद श्रोत्याला दिली जाणार का? मूळ ध्वनिमुद्रणही सोबत उपलब्ध ठेवणे, एवढी अट तरी ध्वनिमुद्रिका कंपन्यांनी पाळायला हवी.

केवळ संख्येच्या बळावर संगीताचा बाजार जिंकता येत नाही, हा अनुभवही जुना आहे. १९७० च्या दशकात आलेले चार चॅनेलचे ‘क्वाड्राफोनिक’ तंत्र परस्परांशी न जुळणाऱ्या मानकांमुळे बुडाले. १९९९ मधील सुपर ऑडिओ सीडी आणि २००० मधील डीव्हीडी-ऑडिओ यांनी बहुचॅनेल संगीत पुन्हा आणले. तेही मूठभरांपुरते राहिले. २०२१ मध्ये ॲपल म्युझिकने ॲटमॉसमधील गाणी देऊ केली, तेव्हा ती खोलीभर स्पीकरऐवजी मुख्यतः हेडफोनवरच ऐकली जातील असे चित्र होते. म्हणजे बहुचॅनेल संगीतही अखेर दोन कानांशी दोन डब्यांतून येऊन पोहोचले.

यातून निघणारा निष्कर्ष व्यवहारी आहे. जेथे गाणे आधी आणि चित्रपट नंतर, तेथे दोन चांगले स्पीकर हीच उत्तम गुंतवणूक. जेथे कुटुंबाची संध्याकाळ पडद्यासमोर जाते, तेथे त्याच जातीचा मधला स्पीकर आधी जोडावा. मागचे आणि छतावरचे खोली परवानगी देईल तर. रिसीव्हर घेऊन दोनापासून सुरुवात करणे आणि पुढे वाढवत जाणे हा मार्ग उपलब्ध आहे. सुरुवातीलाच सात सामान्य डबे घेतले, तर ते पुढे दोन चांगल्या डब्यांत बदलता येत नाहीत.

दुकानात जाताना नेहमी ऐकले जाणारे गाणे सोबत न्यावे आणि ते घरी ऐकतो तेवढ्याच आवाजात वाजवायला सांगावे. निवासी भागासाठी २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली आहे. शेजाऱ्याची झोप न मोडता, त्या बेताच्या आवाजात तंबोऱ्याची जवारी आणि गायकाचा श्वास ज्या संचातून वेगवेगळे ऐकू येतात, तो संच घरी आणावा. त्याला दोन स्पीकर आहेत की नऊ, हा हिशेब त्यानंतरचा.