कल ठाऊक आहे, भाव ठाऊक नाही

प्रति,
मा. अध्यक्ष,
भारतीय प्रेस परिषद, नवी दिल्ली



चिखलीत माझं बी-बियाणं आणि खतांचं दुकान आहे. वडिलांनी दुकान सुरू केलं त्याच महिन्यात एक पेपरही लावला. त्याचं नाव इथे लिहीत नाही. चाळीस वर्षांत दुकानाची पाटी तीनदा बदलली, पेपर तोच राहिला. एकदा पोऱ्यानं चुकून दुसराच टाकला, तर पहिल्याच गिऱ्हाइकानं काउंटरकडे बघून विचारलं, "काय शेट, पार्टी बदलली काय?"

आमच्याकडे पेपरवरून घर ओळखण्याची रीत जुनी आहे. 'लोकमत'वाला काँग्रेसचा, 'तरुण भारत'वाला संघाचा, 'सामना'वाला शिवसैनिक, अकोल्याचा 'देशोन्नती' घेणारा शेतकरी चळवळीतला. हा ठोकताळा पुष्कळदा चुकतो, पण तो काही हवेतून आलेला नाही. १९७१ साली नागपुरात 'लोकमत' दैनिक सुरू करणारे जवाहरलाल दर्डा काँग्रेसचे मंत्री होते. 'देशोन्नती'च्या प्रकाश पोहरे यांना लोक शेतकऱ्यांच्या आंदोलनातही ओळखतात. 'सामना' तर उघडच मुखपत्र. २०२२ साली शिवसेना फुटली, आमचे खासदार प्रतापराव जाधव शिंदेंबरोबर गेले आणि पेपर ठाकऱ्यांकडे राहिला. नेता एकीकडे, अग्रलेख दुसरीकडे! अशा वेळी जुन्या शिवसैनिकानं सकाळी चहाबरोबर काय वाचायचं?

तर साहेब, कलाबद्दल माझी तक्रार नाही, हे आधी सांगून ठेवतो. निःपक्षपाती पेपरची वाट पाहत बसलेला वाचक मला तरी भेटलेला नाही. टिळकांचा 'केसरी' कुठे निःपक्षपाती होता? आगरकरांचं त्यांच्याशी पटेना, तेव्हा ते बाहेर पडले आणि १८८८ साली त्यांनी 'सुधारक' काढला. १९२० साली बाबासाहेबांचा 'मूकनायक' निघाला, तेव्हा त्याची जाहिरात पैसे देऊनही 'केसरी'नं छापली नाही. ती गोष्ट वाईटच होती. पण पैसे समोर ठेवले तरी हलणार नाही, इतका तो कल पक्का होता. आज नेमकं उलट झालंय. कल सोयीनं हलतो आणि पैसे दिले की काहीही छापून येतं.

आमच्या शेजारी वडिलांचे एक मित्र राहत. ते विरुद्ध विचाराचे, त्यांचा पेपरही विरुद्ध. दुपारी दोन वाजता कंपाउंडच्या भिंतीवरून पेपरांची अदलाबदल व्हायची. चार घड्या घातलेला पेपर इकडून जायचा, तसाच तिकडून यायचा. वडील म्हणायचे, "आपला काय म्हणते ते तं ठाऊकच हाय, त्यायचा काय म्हणते ते पाहू." दोन्ही पेपर वाचून झाले की संध्याकाळी ओट्यावर भांडण. त्या भांडणात आम्ही पोरं राजकारण शिकलो. दोन खोट्यांमधून थोडं खरं गाळून घेता येतं, पण त्यासाठी खोटीही वेगवेगळी लागतात.

मागच्या एका निवडणुकीत हे गाळणंही संपलं. मतदानाला चार दिवस होते. आमच्या पेपरात एका उमेदवारावर अर्धं पान मजकूर. 'विकासाचा ध्यास' वगैरे मथळा, हात जोडलेला फोटो, खाली वार्ताहराचं नाव नाही. दुपारी शेजारच्यांचा पेपर आला. त्यातही तेच अर्धं पान, तोच मथळा, तोच फोटो. 'शेतकऱ्यांचा कैवारी'मधला ऱ्हस्व-दीर्घाचा घोळसुद्धा तोच. दोन्ही पानं मी काउंटरवर शेजारी शेजारी मांडली. 'जाहिरात' हा शब्द शोधायला भिंग घेतलं. एका पानावर तो होता, चौकटीच्या रेघेला चिकटलेला, मुंगीएवढा. दुसऱ्यावर नव्हताच.

आमच्याच बुलढाणा जिल्ह्यात भेंडवळला अक्षय्य तृतीयेला घटमांडणी होते. मांडणी रात्रभर शेतात ठेवायची, पहाटे तिच्यावरून पावसापाण्याचं भाकीत सांगायचं. ते खरं की खोटं हा वाद बाजूला ठेवू. कोणत्याही कलाचा पेपर ती बातमी सोडत नाही, एवढं खरं. पण तिथे विड्याचं पान म्हणजे राजा, ढेकळं म्हणजे पावसाळ्याचे चार महिने, करंजी म्हणजे तिजोरी, हे बघायला आलेल्या पोरासोरांनाही आधीच ठाऊक असतं. पेपरातली कोणती ओळ बातमीची आणि कोणती पाकिटाची, हे मात्र चाळीस वर्षांच्या वर्गणीदाराला कळत नाही.

तुम्हाला यात नवं काहीच नाही. २००९च्या विधानसभा निवडणुकीनंतर पी. साईनाथ यांनी महाराष्ट्रातल्या मोठ्या दैनिकांमधला असा जुळा मजकूर उघड केला. परिषदेनं परंजॉय गुहा ठाकुरता आणि के. श्रीनिवास रेड्डी यांची उपसमिती नेमली. त्यांनी नावानिशी ७१ पानी अहवाल दिला. २०१०च्या जुलैत परिषदेनं तो आपल्या अहवालाला जोडायचंही नाकारलं आणि स्वतःचा आटोपशीर मजकूर पुढे केला. मूळ अहवाल परिषदेकडून जाहीर व्हायला केंद्रीय माहिती आयोगाचा आदेश लागला. पेपरनी लपवलं आणि पेपरवर नजर ठेवणाऱ्यांनीही लपवलं. मग आम्ही विश्वास ठेवायचा कुणावर?

परिषदेला ताकीद देता येते, निर्भर्त्सना करता येते, पण दंड करता येत नाही, हे १९७८च्या कायद्यात लिहिलंय. मान्य. पण बातमी विकली जाते म्हणताना नेमकं काय विकलं जातं, हेही बघा. कागद-शाईला तेवढा भाव कोण देईल? विकली जाते ती माझ्या बापानं चाळीस वर्षं टिकवलेली सवय. आपल्या पेपरात आलं म्हणजे खरं असेल, या भरवशाचे पैसे उमेदवार मोजतो. त्या व्यवहारात भरवसा आमचा, पैसा त्यांचा. २०२४च्या नोव्हेंबरात बुलढाणा विधानसभेचा निकाल ८४१ मतांनी लागला. इतक्या काठावरच्या जिल्ह्यात अर्धं पान ही किरकोळ गोष्ट नसते.

वर्षानुवर्षं मार्चच्या सुरुवातीला प्रत्येक पेपर 'नमुना ४' छापत आला. मालक कोण, प्रकाशक कोण, भागधारक कोण, सगळं बारीक टायपात. वडील ते निवेदन लाल पेन्सिलीनं खूण करून ठेवायचे. मालक कोण हे कळलं, की कल आम्ही आमचा ओळखू. पानाचा भाव तेवढा आम्हाला ओळखता येत नाही. म्हणून एकच मागणं आहे. पैसे घेऊन छापलेल्या मजकुरावर 'जाहिरात' हा शब्द मथळ्याच्याच टायपात छापायला लावा. जो छापणार नाही, त्याच्या नावानं काढलेली ताकीद त्याच्याच पहिल्या पानावर मराठीत येऊ द्या. आणि पुढचा अहवाल दडपू नका.

वडील गेले, त्यांचे मित्रही गेले. भिंतीवरून पेपर आता मी आणि त्यांचा मुलगा देतो-घेतो. अजूनही दोन वाजताच.

आपला,
चिखलीचा एक वर्गणीदार